त्या वर्षी निघालेलं वचन

मला धीर देणाऱ्या माणसांचा राग येतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याकडून गोडव्याची अपेक्षा ठेवणार नाही. एक जानेवारीला पहाटेपासून माझा फोन किणकिणायला लागतो. कबुतरं, मेणबत्त्या, उगवता सूर्य आणि त्यावर नव्या वर्षासाठी शास्त्रातलं एक वचन. पाठवणाऱ्याने ते नीट वाचलेलंही नसतं, कुणीतरी त्याला पाठवलं म्हणून त्याने पुढे ढकललेलं असतं. सून म्हणते, "आई, लोक प्रेमाने पाठवतात, तुम्ही नुसते जोडलेले हात पाठवा ना." मी पाठवत नाही. ज्याला मला धीर द्यायचा असेल त्याने घरी यावं, चहा प्यावा, माझा गुडघा कसा आहे ते विचारावं आणि मग वाटलं तर देवाचं नाव काढावं. माझं नाव करुणा आहे आणि या नावाला मी कधीही जागले नाही, असं माझी मायसुद्धा म्हणायची. मायच्या हयातीतल्या एका वर्षाबद्दल आज लिहायला बसले आहे. ते वर्ष माझ्या रागाचं मूळ आहे, आणि राग सोडून जे काही माझ्याजवळ आहे त्याचंही.

आम्ही राहायचो ते घर आमचं नव्हतं. हिंगणघाटहून वडनेरकडे जाताना वाटेत एक गाव लागतं. नाव सांगत नाही, कारण त्या लोकांची नातवंडं मला अजून लग्नाकार्यात भेटतात आणि सलाम करतात. तिथे आमचं देऊळ होतं. बाहेरचे लोक चर्च म्हणत, आम्ही देऊळच म्हणायचो. त्याच्या आवाराच्या कडेला, अगदी रस्त्याला लागून, दोन कौलारू खोल्या होत्या आणि बाबा देवळाचे राखणदार म्हणून त्या आम्हाला मिळाल्या होत्या. बाकं पुसणं, झाडलोट, मागच्या कबरस्थानातलं गवत कापणं आणि घंटा वाजवणं ही बाबांची कामं. घंटा ते इतकी वेळेवर वाजवायचे की रस्त्यापलीकडची पंचफुलामावशी त्या आवाजावर भात चढवायची. ती बौद्ध, तिचा आमच्या देवाशी काही संबंध नव्हता, पण बाबांच्या घंटेवर तिचा पक्का विश्वास होता. हिवाळ्यात कापसाने भरलेल्या बैलबंड्या घरासमोरून जिनिंगच्या कारखान्याकडे जायच्या. चाकांची करकर आणि बैलांच्या गळ्यातले घुंगरू पहाटेपासून सुरू व्हायचे, आणि बंड्यांतून निसटलेला कापूस आमच्या काटेरी कुंपणाला अडकून राहायचा. माय तो रोज वेचायची. आमच्या उश्या अशा फुकटच्या कापसाच्या होत्या. माय म्हणायची, देवाने कुंपणाला लावून दिला. मी म्हणायचे, बंडीवाल्याने नीट बांधला नाही. हा वाद आमच्यात माझ्या लहानपणापासून चालत आलेला.

घरात खायला साधंच असायचं, पण जानेवारीत तुरीच्या शेंगा आल्या की मायच्या हाताला वेगळाच हुरूप यायचा. हिरवे सोले ठेचून, लसूण आणि मिरची घालून ती जी भाजी करायची, तिचा वास आवारभर जायचा आणि पाळकसाहेब काहीतरी निमित्त काढून आमच्या दारात यायचे. बाबा जेवताना बोलत नसत. जेवण झालं की हात धुऊन "बरं झालं" एवढंच म्हणत, आणि त्यात देवाचे आभार आणि मायचे आभार दोन्ही उरकत. मला आजही लांबलचक प्रार्थनेपेक्षा ते "बरं झालं" जास्त पटतं.

बाबा पावसाळा सरता सरता गेले. कबरस्थानातलं गवत कापता कापता एका दगडावर टेकले ते उठलेच नाहीत. विळा हातातच होता. मी शाळेत होते आणि त्या वर्षी माझी दहावी होती. मला बोलवायला आलेल्या माणसाने "चाल, तुया बाबाले बरं नाई" एवढंच सांगितलं, म्हणजे तोही धीरच देत होता, आणि मी वाटभर त्या खोट्याला धरून चालले. त्यानंतर आमच्या घरी धीर देणाऱ्यांची रीघ लागली. कुणी म्हणालं, देवाला त्याची गरज होती, म्हणून त्याने बोलावलं. मी विचारलं, देवाला गवत कापायला माणूस मिळत नव्हता का? माय उठून चुलीकडे गेली. सर्व गोष्टी मिळून शेवटी भलंच होतं, असं एका बाईने सांगितलं आणि आमच्याकडचा गूळ घालून केलेला चहा दोन कप प्याली. यशवंतमास्तर, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले आणि आमच्या मंडळीच्या पंचांमधले मुख्य, ते आले की डोळे मिटून इतकी लांब प्रार्थना करायचे की चुलीवरचं दूध उतू जाऊन विस्तव विझायचा, आणि कुणी उठायची हिंमत करत नसे. एकदा मी उठले. प्रार्थनेच्या मधेच. मास्तरांनी एक डोळा उघडून पाहिलं. मी दूध उतरवलं आणि झाकणी मुद्दाम आपटली.

या सगळ्यांत एकाही माणसाने एक गोष्ट विचारली नाही, की बाई, आता तुम्ही राहणार कुठे? विचारली नाही, कारण त्यांचं आपसात ठरत होतं. देवळाच्या त्या रस्त्याकडच्या कडेला गाळे काढावे, दुकानं भाड्याने द्यावी, असं पंचांच्या मनात बरेच दिवस होतं आणि आमच्या दोन खोल्या बरोबर त्या जागेवर होत्या. पण विधवेला बाहेर काढलं हा बोल कुणालाच आपल्या माथी नको होता. म्हणून ते धीर देत राहिले. दरम्यान बाबांची सगळी कामं माय करत होती. घंटाही तीच वाजवायची. पहिल्या दिवशी दोर हातातून सुटून तिचे तळवे सोलले होते, पण घंटा वेळेवर झाली आणि पलीकडे पंचफुलामावशीचा भातही वेळेवर चढला.

आमच्याकडे नवीन वर्षाची एक रीत होती, अजूनही बऱ्याच ठिकाणी आहे. एक जानेवारीच्या सकाळच्या उपासनेत पितळेच्या ताटलीत लहान लहान पुठ्ठ्याचे तुकडे ठेवायचे, प्रत्येकावर शास्त्रातलं एक वचन. ताटली घरोघरच्या माणसांपुढे फिरायची. घरातल्या सगळ्यांत लहान माणसाने एक तुकडा उचलायचा आणि पाळकसाहेबांनी तो मोठ्याने वाचायचा. ते त्या घराचं वर्षभराचं वचन. ते भिंतीला लावायचं आणि त्याला धरून वर्ष काढायचं. आणि लोक खरोखरच काढायचे, हेच तर सांगायचं आहे. एका घराला पाण्याच्या झऱ्याबद्दलचं वचन निघालं तर त्या माणसाने अंगणात विहीर खणायला घेतली. पाणी लागलं, पण खारट. तो म्हणाला, वचनात गोड पाणी म्हटलेलं नव्हतं. एका पोरीचं लग्न केवळ वचनात नवऱ्या मुलाचा उल्लेख आला म्हणून त्या वर्षी घाईने लागलं. आमच्या घरात बाबा होते तोवर नेहमी चांगलीच वचनं निघायची, मेंढपाळाची, मजबूत खडकाची, आणि मला आपल्या हाताला गुण आहे असं वाटायचं. कारण घरात लहान मीच, आणि ताटलीत हात माझाच.

त्या वर्षी मी हात घालणार नव्हते. सकाळी मायला तसं सांगितलंही. माय माझी वेणी घालत होती. तिने केस इतके ओढले की डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाली, "हात घालजो. बाबा नाई म्हणून देव नाई असं नाई होत." मी पांढरी ओढणी डोक्यावर घेतली आणि गेले. देऊळ फुलांनी भरलं होतं, नाताळच्या कागदी चांदण्या अजून लटकत होत्या, मागच्या अंगणात प्रीतिभोजनाचा मटणाचा रस्सा चुलीवरच्या मोठ्या गंजात रटरटत होता आणि त्याचा वास थेट वेदीपर्यंत येत होता. ताटली आमच्यापुढे आली. मी मुद्दाम न निवडता, रागाने, एकदम खालचा तुकडा ओढला. कुणी काही केलं नाही, कुणी कावा केला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. मला कितीतरी वर्षं कावा झाला असता तर बरं, असं वाटत आलं. माणसाचा कावा असता तर माणसाशी भांडता आलं असतं.

पाळकसाहेब नगरकडचे, तरुण, स्वभावाने मऊ. त्यांनी वाचलं आणि वाचता वाचता त्यांचा आवाज उतरला. शास्त्रातल्या त्या म्हाताऱ्या मूळपुरुषाला देवाने सांगितलेलं ते वचन होतं, की आपला मुलूख सोड, आपलं घर सोड, आणि मी तुला दाखवीन त्या ठिकाणी जा. देवळात क्षणभर मागच्या रश्श्याचा आवाज तेवढा आला. मग यशवंतमास्तर उभे राहिले. त्यांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. दुःखी चेहरा करायचा प्रयत्न चालला होता आणि सुटका लपत नव्हती. ते मायकडे वळून म्हणाले, "शांताबाई, आम्ही कुणी बोललो नाही. आज देवच बोलला." मागून दोघातिघांनी आमेन म्हटलं. मला वाटलं माय काहीतरी म्हणेल. माय हात जोडून उभी राहिली, डोळे मिटले आणि म्हणाली, "आमेन."

त्या दिवशी प्रीतिभोजनात मी जेवले नाही. मला वाढायला आलेल्या बायकांनी पाठीवरून हात फिरवले. आता मास्तरांचा आवाज मोकळा झाला होता, आष्टीकडे तुमचा भाऊ आहे ना, चांगला माणूस आहे, तिकडे शेती आहे, पोरीला तिकडच्या शाळेत घालता येईल, असं तो रश्शाचा भुरका मारत मारत मायला सांगत होता. (मी त्याला "तो" म्हटलं, राहू द्या.) मामा चांगला माणूस होता की नाही हा वेगळा प्रश्न. त्याने बाबा गेल्यावर निरोप पाठवला होता, "यायचं तर या", आणि असल्या निमंत्रणावर कुणी सुखाने भाकर खाल्ल्याचं मला माहीत नाही. माझी परीक्षा मार्चात होती. जानेवारीत शाळा बदलली असती तर त्या वर्षी परीक्षेला बसता आलं नसतं, आणि मामाच्या घरी दुसऱ्या वर्षी मला कुणी बसू दिलं नसतं. मी तिथे कापूस वेचला असता आणि लग्न होऊन गेले असते. ही गोष्ट मला ठाऊक होती, मायला ठाऊक होती आणि मास्तरांनी आयुष्यभर पोरांना शिकवलेलं असल्यामुळे त्यांनाही ठाऊक होती.

दुसऱ्या दिवसापासून माय बांधाबांध करू लागली. पत्र्याची पेटी काढली, पोत्यात भांडी भरली, अंथरुणं सतरंजीत बांधली. मी दारात उभी राहून ओरडत होते.

"काऊन बांधून राह्यली तू?"

"वचन निघालं ना."

"पुठ्ठ्याचा तुकडा हाये तो, माय. दुसरा उचलला असता तं दुसरं निघालं असतं."

"पण हाच उचलला ना तू."

"म्हणजे माह्यामुळं?"

"तुयामुळं नाई. तुया हातानं." आणि तिने सतरंजीची गाठ दातात धरून आवळली.

पंचफुलामावशी त्या दिवशी तुरीच्या शेंगा घेऊन आली होती. तिने बांधलेलं सामान पाहिलं, मग मायकडे पाहिलं. "कुठं निघाली वो बाई?" मायने सगळं सांगितलं, ताटली, वचन, मास्तर. मावशी पायरीवर बसली आणि शेंगा सोलता सोलता म्हणाली, "आमच्या इकडं घर सोडाले माणसंच सांगतात. तुमच्या इकडं देव सांगते. चांगलं हाये, कोनावर नाव येत नाई." मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. माय हसली नाही. "देव खोटं नाई सांगत, पंचफुला," ती म्हणाली. "मंग एवढ्या लवकर काऊन सांगते?" मावशीने विचारलं. माय सोलेच निवडत राहिली, बराच वेळ, निवडलेले पुन्हा निवडत.

मला मायचा तेव्हा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही, मास्तरांचासुद्धा नाही. मास्तरांना जागा हवी होती, त्यांचं मला समजत होतं. पण आपल्या पोरीची परीक्षा दिसत असताना, डोळ्यांसमोर तिचं वर्ष वाया जात असताना, एका तुकड्याला "आमेन" म्हणणारी बाई मला समजत नव्हती. मी तिच्याशी बोलणं सोडलं. ती घंटा वाजवायला गेली की मी कानात बोटं घालून भूमितीची प्रमेयं पाठ करायचे. देवाशीही बोलणं सोडलं, आणि ते मी बरीच वर्षं सोडलेलंच ठेवलं. आज कुणी मला म्हणतं, तुमची आई किती विश्वासू बाई होती, तेव्हा मला त्या दिवसांतला माझा राग आठवतो. विश्वासू माणसाच्या घरात राहणं सोपं नसतं. बाहेरून फार छान दिसतं.

संक्रांतीच्या आसपास एका दुपारी मी शाळेतून आले तर दारात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. मास्तर आणि पाळकसाहेब उतरत होते. ट्रॉली एसटी स्टँडपर्यंत सामान नेणार, तिथून टपावर चढवायचं आणि आष्टीची गाडी धरायची, असा बेत मास्तरांनी आपल्या मनाने करून आणला होता. माय पत्र्याच्या पेटीवर दाराच्या मधोमध बसली होती. तिने लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतला होता, पायांत चपला होत्या. निघायच्या तयारीत असल्यासारखीच बसली होती ती.

"सलाम, शांताबाई," मास्तर म्हणाले. "तयारी झालेली दिसते."

"सलाम. झाली."

"मग चढवू सामान."

"कुठं न्यायचं?"

"कुठं म्हणजे? भावाकडे. निरोप आला ना त्याचा."

"भावाचा निरोप आला. देवाचा नाई आला," माय म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा, भाव विचारताना असतो तसा. "वचनात दोन गोष्टी हायेत, मास्तर. एक, घर सोड. दुसरी, मी दाखवीन तिथं जा. पहिली माही. थे मी केली, पाहा, सारं बांधून ठेवलं. दुसरी त्याची. त्यानं मले अजून काही दाखवलं नाई. तुमाले दाखवलं का?"

मास्तरांनी ट्रॉलीकडे वळून पाहिलं.

"दाखवलं असन तं सांगा. देवाच्या नावानं सांगा, की शांताबाई, देवानं मले दाखवलं, तुमी आष्टीले जा. मी या घडीले उठतो."

"बाई, वचनाचा भावार्थ घ्यायचा असतो," मास्तर म्हणाले. "असा शब्दाला शब्द धरायचा नसतो."

"एक तारखेले तुमी भावार्थ नाई म्हटला. तुमी म्हटलं, देवच बोलला. मी आमेन म्हटलं. आता त्याचं बोलणं पुरं होऊ द्या."

मास्तरांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेब आपल्या बोटांकडे पाहत होते. शेवटी ते म्हणाले, "शांताबाई, आणि त्याने दाखवलंच नाही तर?"

"तो बोलला हाये, पाळकसाहेब. दाखवीलच. तुमी काऊन भेऊन राह्यले?"

ट्रॅक्टर सुरूच होता. वरून ड्रायव्हरने विचारलं, "मास्तर, डिझेल जळून राह्यलं, भरू का जाऊ?" मास्तरांचं तोंड उघडलं. मला दिसत होतं, एका होकाराचं काम होतं. हो, मला दाखवलं, एवढं म्हणायचं. माय उठली असती, हे त्यांनाही कळत होतं, तिचे पाय चपलांत होते. पण ते म्हणू शकले नाहीत. मास्तर लोभी होते, आतल्या गाठीचे होते, पण देवाच्या नावाने उघड खोटं बोलायला ते धजले नाहीत. तेवढं श्रेय मी त्यांना देते, त्याहून जास्त नाही. रिकामी ट्रॉली खडखडत परत गेली. पाळकसाहेब जाताना पायरीशी थांबले, काहीतरी धीराचं बोलणार असं वाटलं, मग नुसते म्हणाले, "संध्याकाळी घंटा आहे ना?" माय म्हणाली, "हाये."

ते गेल्यावर मी नाचायचीच बाकी होते. "बरी जिरवली वो त्यांची, माय," मी म्हणाले. इतक्या दिवसांनी मी तिच्याशी बोलत होते. मायने माझ्या थोबाडीत मारली. तिने मला मोठेपणी मारल्याचं हे एकच. "जिरवली?" ती म्हणाली. "मी कोनाची जिरवली नाई. मी खरंच इचारलं. रोज त्याले सांगून राह्यली मी, तुह्या वचनाले नाई म्हणत नाई, पण पोरीची परीक्षा होऊ दे, मंग दाखव. आज सकाळीबी सांगितलं. ट्रॉलीचा आवाज आला तं वाटलं, ऐकलं नाई यानं माहं."

"न् मास्तर हो म्हणाले असते तं?"

"तं गेली असती. तुले घेऊन गेली असती. रस्ताभर रडली असती, त्याले बोलली असती, पण गेली असती."

मला काय वाटलं ते सांगायचं तर, मला पुन्हा रागच आला. माझं अख्खं आयुष्य तिने एका लोभी माणसाच्या जिभेवर ठेवून दिलं होतं आणि त्याला ती भरवसा म्हणत होती. आणि त्याच वेळी कळलं की मी कानात बोटं घालून बसले होते तेव्हा ती बाई रोज माझ्यासाठी देवाशी घासाघीस करत होती. दोन्ही गोष्टी एकदम कळल्यावर माणसाने काय करावं? मी गाल चोळत आत गेले आणि पुस्तक उघडलं.

परीक्षा झाली, पास झाले. पुढे परिचारिकेचं शिक्षण घ्यायला वर्ध्याला गेले. माय तिथेच राहिली. बांधलेलं सामान तिने सोडलं नाही. पातेलं लागलं की पोत्याचं तोंड सोडून पातेलं काढायची, घासून पुन्हा आत टाकायची. दर एक जानेवारीला ताटली फिरायची, आणि मायपुढे आली की ती हाताने पुढे सरकवायची. "आमचं मागचंच चालू हाये," म्हणायची. पहिल्या वर्षी लोक हसले, मग हसेनासे झाले. मास्तर थकले, पाळकसाहेबांची बदली झाली, नवे पंच आले. त्यांना हे प्रकरण अवघड वाटायचं. घंटा वाजवणारी बाई फुकट मिळत होती, आणि देव जागा कधी दाखवणार हे बैठकीत कोण विचारणार? मी सुट्टीला गेले की तिच्यावर चिडायचे. निदान भांडी तरी मांड, म्हणायचे. ती म्हणायची, मांडली तर जाताना जड जाईल. आता तिथे गाळे आहेत, आमच्या दोन खोल्यांच्या जागी मोबाईलचं दुकान आणि चहाची टपरी. परवा रस्त्याने जाताना पाहिले. रागाने चहासुद्धा प्यायले नाही.

नोकरीत कायम झाले आणि वर्ध्याला लागून बोरगाव मेघेत दोन खोल्या भाड्याने घेतल्या तेव्हा मी मायला आणायला गेले. दुपारची वेळ होती. ती त्याच पेटीवर बसून शेंगा सोलत होती. केस पांढरे झाले होते, घंटेच्या दोराने हाताला घट्टे पडले होते. मी सांगितलं, खोल्या पाहिल्या, नळ घरात आहे, खिडकीतून रस्ता दिसतो, दवाखाना जवळ, चाल. तिने सुपातल्या शेंगा बाजूला ठेवल्या.

"कोनं दाखवल्या खोल्या?"

"घरमालकानं. आणखी कोनं दाखवणार?"

"मंग नाई," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा घेतल्या.

मी भांडले. किती भांडले ते लिहीत नाही. बाबांपासून सगळं काढलं, ताटली, मास्तर, ट्रॉली, सोललेले तळवे, एवढ्या वर्षांची न मांडलेली भांडी. मी वॉर्डात रोज माणसं मरताना पाहत होते आणि त्यांच्या उशाशी लोक येऊन जे बोलत ते ऐकत होते, ते सगळं तिच्यावर ओतलं. तिने ऐकून घेतलं. मग मला समोर बसवलं.

"मले एकच सांग. हे तू दाखवून राह्यली का तो? इचार करून सांग. तुले रागात बोलाची सवय हाये."

मी विचार केला. देवाशी बोलणं सोडून मला इतकी वर्षं झाली होती की त्याचं नाव तोंडात जड वाटत होतं. नोकरी मी मिळवली होती, रात्रपाळ्या मी केल्या होत्या, भाडं मी भरलं होतं. पण मला वर्ध्याला पोहोचवणारी दहावीची परीक्षा कुणी राखली होती हे मला ठाऊक होतं, आणि तिने ती कुणाकडून मागून घेतली होती हेही ठाऊक होतं. माय माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी नजर खाली घातली नाही.

"तो," मी म्हणाले.

माय उठली, लुगडं झटकलं, चपला पायांत घातल्या. "मंग एवढा उशीर काऊन केला, हे इचारजो त्याले," ती म्हणाली. "मी नाई भांडत त्याच्याशी, माहं वय झालं. तू भांडजो."

पेटीचं एक कडं तिने धरलं, दुसरं मी. ते भांडण अजून चालू आहे, आणि त्याच्याशी माझं बोलणं सुरू झालं ते त्या दुपारपासून.